काळे की काले? एका अक्षराचा कळफलकापर्यंतचा प्रवास

पांढुर्णा आणि सौंसर या तहसिलींत मराठी माणसाची पुष्कळदा दोन नावे असतात : एक घरातले, एक कचेरीतले. घरचे ‘काळे’ कागदावर ‘काले’ होतात, ‘बळीराम’चा ‘बलीराम’ होतो. याचा दोष कारकुनाच्या माथी मारून मोकळे होणे आम्हांस पटत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा, त्यातील या मराठी तहसिलींसह, मध्य प्रदेशातच राहिला. कारभार हिंदीत चालला. लिपी मात्र तीच, देवनागरी. म्हणूनच हानी कोणाच्या डोळ्यांत भरली नाही. बेळगावात कानडी पाटी पाहताच परकेपण कळते. आमच्याकडे पाटी वाचता येते, फक्त तीतले एखादे अक्षर गळालेले असते.

यंत्राने हे अक्षर नाकारले, असेही म्हणता येत नाही. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने इस्की हे मानक (आयएस १३१९४) प्रसिद्ध केले. त्यात ‘ळ’ होता. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत ‘ल’ला ०९३२ आणि ‘ळ’ला ०९३३ असे लगतचे क्रमांक मिळाले. इनस्क्रिप्ट कळफलकावर तर दोघे एकाच कळीवर नांदतात. शिफ्ट दाबले की ‘ळ’. (मराठी ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांकासाठी २००८पर्यंत थांबावे लागले, ही गोष्ट वेगळी.)

मग अडते कोठे? मांडणीत. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकी अभ्यासकाने १९८८च्या आपल्या ग्रंथात रोजच्या वापरातील वस्तूंविषयी हेच सांगितले : माणूस वारंवार चुकत असेल, तर आधी वस्तूची रचना तपासा. देवनागरी म्हणजे हिंदी, असे गृहीत धरून कळफलक निवडला, रोमन अक्षरांतून नाव उमटवताना हिंदी शब्द आधी सुचवला आणि ‘ळ’ दुसऱ्या अक्षराआड दडवला, की घाईतला माणूस समोर येईल ते स्वीकारतो.

कागदी दप्तराच्या काळात जुना लिपिक नजरेने सांभाळून घेई. काळे आणि काले एकच, हे त्याला ठाऊक असे. अक्षरशः जुळणी करणाऱ्या संगणकाला ०९३२ आणि ०९३३ हे दोन भिन्न अंक आहेत. एक शोधला तर दुसरा सापडत नाही. वारस नोंदीच्या वेळी मग ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असे शपथपत्र करावे लागते. ‘मूळ मालक’चे ‘मूल मालक’ झाले, तर हिंदी वाचकाला ते शुद्धच वाटते. मराठीत मात्र मालकी लेकराकडे जाते!

राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क देतो. ऑक्टोबर २०२३मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याच्या नोंदप्रणालीकडे आमचे मागणे अगदी लहान आहे : नाव लिहिताना ‘ळ’ उघड दिसावा, शोधताना ‘ल’ आणि ‘ळ’ दोन्ही तपासले जावेत आणि नोंद पक्की होण्यापूर्वी नावाच्या धन्याला ती मोठ्या अक्षरांत दाखवावी.