चौथा आकडा

डिजिटल चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात. सिनेमाच्या व्हीएफएक्सचा सारा डोलारा मात्र चौथ्या आकड्यावर उभा आहे. त्याचं नाव अल्फा. तो रंग सांगत नाही. तो पिक्सेल किती अपारदर्शक आहे, एवढंच सांगतो.

हा आकडा एड कॅटमल आणि अल्व्ही रे स्मिथ या दोघांना १९७७च्या सुमारास सुचला. तेव्हा दोघांचंही करिअर कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. कॅटमलला डिस्नेचा अ‍ॅनिमेटर व्हायचं होतं, पण तेवढी चित्रकला हातात नव्हती. म्हणून तो भौतिकशास्त्राकडे आणि संगणकाकडे वळला आणि १९७४ मध्ये युटा विद्यापीठातून पीएचडी झाला. स्मिथ स्कीइंग करताना पाय मोडून अंथरुणाला खिळला, तेव्हा आयुष्याचा फेरविचार करून त्याने प्राध्यापकी सोडली. पुढे तो झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत रंगीत चित्रांवर काम करू लागला, पण कंपनीला रंगात रस उरला नाही आणि ते कामही गेलं. दोघांना आसरा दिला तो न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या अलेक्झांडर शुअर यांनी. संगणकावर कार्टून सिनेमा काढायचा, हे त्यांचं वेड होतं.

अडचण अशी होती. एखादी आकृती संगणकाकडून काढून घ्यायला खूप वेळ लागे. पार्श्वभूमी बदलली, की सगळं पुन्हा काढावं लागे, कारण आकृतीच्या कडेचे पिक्सेल अर्धे तिचे आणि अर्धे मागच्या दृश्याचे असतात. मग ते ‘अर्धेपण’च आकड्यात साठवलं तर? आकृती एकदाच काढायची आणि हव्या त्या दृश्यावर ठेवायची. त्यासाठी प्रत्येक पिक्सेलला २४ ऐवजी ३२ बिट लागणार होते. मेमरी सोन्याच्या भावाची असताना असा खर्च करायला पाठीशी शुअर यांच्यासारखा माणूस लागतो.

पुढे ही मंडळी लुकासफिल्ममध्ये गेली. १९८४ मध्ये तिथल्याच टॉम पोर्टर आणि टॉम डफ यांनी अल्फाचं पूर्ण गणित निबंधरूपाने प्रसिद्ध केलं. आज फोटो एडिटरपासून ब्राउझरपर्यंत सगळीकडे तेच गणित चालतं. १९८६ मध्ये पिक्सार वेगळी कंपनी झाली, पण ‘टॉय स्टोरी’ यायला १९९५ उजाडलं. १९९६ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने या चौघांना तांत्रिक पुरस्कार दिला.

पण संगणकाने काढलेल्या आकृतीबरोबर अल्फा आपोआप मिळतो, कॅमेऱ्याने टिपलेल्या माणसाबरोबर मिळत नाही. मागे हिरवा पडदा नसेल, तर तो हाताने भरावा लागतो. या कामाला रोटो म्हणतात. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पाच सेकंदांच्या शॉटला १२०. प्रत्येक फ्रेममध्ये नटाची कड, बोटं, उडणारे केस यांच्याभोवती रेषा ओढायची. हॉलिवूडचं असं पुष्कळ काम मुंबई, हैदराबाद, चेन्नईतल्या स्टुडिओंमध्ये होतं. ते नीट झालं, तर प्रेक्षकाला काहीच दिसत नाही.

व्हीएफएक्समध्ये येणाऱ्या आपल्याकडच्या अनेक मुलामुलींसाठी रोटो ही पहिली पायरी आहे. कड नेमकी कुठे संपते, हे पाहायला डोळा तिथेच शिकतो. आता ते काम मशीन लर्निंग करू लागलं आहे. ती सॉफ्टवेअरं लिहिणारे माझ्याच पेशातले लोक आहेत, आणि कंटाळवाणं काम यंत्राकडे गेल्याचं दुःख मला नाही. पण कॅटमल आणि स्मिथ यांच्या कामाचा काही उपयोग दिसत नव्हता, तेव्हाही त्यांना पगार देणारं कुणीतरी होतं. स्मिथची एक नोकरी गेली, तर दुसरं दार उघडलं. चौथा आकडा शोधणाऱ्यांना शिकायला वीस वर्षं मिळाली. तो भरणाऱ्यांची पहिली पायरी काढून घेतल्यावर त्यांनी दुसरीवर कसं चढायचं, याचं उत्तर सॉफ्टवेअरच्या कुठल्याच नव्या आवृत्तीत नाही.