ऑर्डरच्या मागे मागे

गेले तीन आठवडे मी ऑफिसात चौकोन आणि बाण काढतोय. इंजिनिअरिंगची चार वर्षं घासून शेवटी काय, तर चौकोन आणि बाण! क्लायंट पंप बनवणारी कंपनी आहे. त्यांच्याकडे ऑर्डर आली की माल गेटबाहेर पडेपर्यंत सरासरी अकरा दिवस जातात, तेही गोडाऊनमध्ये माल तयार असताना. हे दिवस कमी करायचेत आणि त्यासाठी आधी ऑर्डर कुठून कुठे जाते याचा नकाशा हवा. सेल्सवाल्यांना विचारलं तर ते म्हणतात अकाउंट्सवाले अडवतात. अकाउंट्सवाले म्हणतात डिस्पॅचवाले झोपा काढतात. डिस्पॅचवाले म्हणतात, सेल्सवाले ऑर्डरच धड भरत नाहीत. म्हणजे चोर कोण, तर शेजारचा!

वैतागून मागच्या वीकेंडला वाचायला बसलो. हे दुखणं आधी कुणाला झालं होतं का? झालं होतं की. थेट 1906 सालच्या शिकागोला जावं लागलं.

सीअर्स, रोबक आणि कंपनी हे नाव तुम्ही ऐकलं असेल. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यात टपालाने माल विकणारी कंपनी. जाडजूड कॅटलॉग घरी यायचा, शेतकरी त्यातून शिलाई मशीनपासून सुटापर्यंत काहीही निवडायचा आणि पत्रासोबत पैसे पाठवायचा. रिचर्ड सीअर्स हा माणूस जाहिरात लिहिण्यात वस्ताद. इतका, की आधी जाहिरात छापायचा आणि ऑर्डरी आल्यावर माल शोधायला निघायचा. (आमचेही काही सेल्सवाले याच घराण्यातले आहेत.) त्याला सूट पुरवणारा ज्युलियस रोझनवाल्ड 1895 मध्ये कंपनीत भागीदार झाला. त्या वर्षी साडेसात लाख डॉलरच्या आसपास असलेली विक्री 1900 पर्यंत 1 कोटी डॉलरच्या वर गेली.

आता मला सांगा, पाच वर्षांत धंदा दहापटीहून जास्त वाढला तर आतमध्ये काय झालं असेल? जे व्हायचं तेच. पत्रांचे ढीग. अर्धी ऑर्डर आज गेली, अर्धी पंधरा दिवसांनी. एका गिऱ्हाइकाला म्हणे एकामागून एक शिलाई मशीनच येत राहिली. शेवटी त्याने आता पुरे करा म्हणून कळवलं. माणसं कमी नव्हती. प्रत्येक विभाग आपापलं काम करतच होता. फक्त ‘ही ऑर्डर आत्ता कुठे आहे’ याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

हे निस्तरणाऱ्या माणसाचं नाव ऑटो डोअरिंग. मॅनेजमेंटच्या पुस्तकांत फोर्ड सापडतो, हा बिचारा क्वचितच. 1906 मध्ये सीअर्सची 40 एकरांवरची नवी वसाहत सुरू झाली. आत वाहते पट्टे, घसरगुंड्या, हवेच्या दाबाने कागद पळवणाऱ्या नळ्या, सगळा थाट. बघणाऱ्यांचे डोळे या यंत्रांवर खिळायचे. पण खरी गंमत यंत्रात नाही, वेळापत्रकात होती.

डोअरिंगच्या पद्धतीत सकाळी आलेल्या टपालाचं चक्क वजन करायचे. त्यावरून आज साधारण किती ऑर्डरी आहेत याचा अंदाज यायचा आणि कामाची तयारी व्हायची. मग प्रत्येक ऑर्डरला 15 मिनिटांची एक वेळ ठरवून दिली जायची. समजा एका पत्रात बूट, कंदील आणि कापड मागवलंय. तीन विभागांना तीन चिठ्ठ्या जाणार, तिन्हींवर वेळ एकच. त्याच पाव तासात तिन्ही वस्तू पॅकिंगच्या ठरलेल्या कप्प्यात पडल्या पाहिजेत. कंदीलवाल्यांना उशीर झाला तर? बाकीचा माल थांबत नसे. तो पुढे जायचा, कंदील मागून वेगळा पाठवायचा आणि त्याचा जादा खर्च कंदीलवाल्यांच्या खात्यावर!

हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. कारण आमच्या नकाशात प्रत्येक चौकोनाला वेळ आहे, पण ऑर्डरला नाही. क्रेडिट तपासणी 10 मिनिटं, स्टॉक बघणं 5 मिनिटं, बिल करणं 15 मिनिटं. सगळ्याची बेरीज दीड तासही होत नाही. मग अकरा दिवस गेले कुठे? बाणांमध्ये. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना ट्रेमध्ये, ईमेलमध्ये, ‘साहेब टूरवर आहेत’ मध्ये.

हाच शोध पुढे आयबीएमच्या कर्ज देणाऱ्या उपकंपनीत लागला. हॅमर आणि चॅम्पी यांच्या 1993 च्या पुस्तकात तो किस्सा आहे. गिऱ्हाइकाच्या कर्जाचा अर्ज मंजूर व्हायला सरासरी सहा दिवस लागत. दोन मॅनेजर एक अर्ज हातात घेऊन स्वतः टेबलाटेबलावर फिरले, प्रत्येकाला हातातलं काम बाजूला ठेवून हा अर्ज बघायला लावला. एकूण वेळ 90 मिनिटं! त्याच सुमारास, 1992 मध्ये, हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये कस्तुरी रंगन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी लेख लिहिला. मॅनेजरांनो, स्वतःला ऑर्डरला स्टेपल करा आणि तिच्यासोबत फिरा, असा त्यांचा सल्ला होता.

म्हटलं, करून बघू. बुधवारी मी एका ऑर्डरच्या मागे लागलो. तिसऱ्या टेबलानंतर ऑर्डर अशा ठिकाणी गेली जिथे माझ्या नकाशात चौकोनच नव्हता. जिन्याखाली एक टेबल, त्यावर लाल कापडी बांधणीचं रजिस्टर आणि एक काका. रिटायरमेंटला चार वर्षं बाकी. त्यांच्याकडे फक्त अडकलेल्या ऑर्डरी येतात.

"अहो साहेब, सिस्टीम म्हणते या पार्टीचे पैसे थकलेत," ते म्हणाले, "पण त्यांचा चेक सोमवारी आलाय, बँकेत पडायचाय. मी फोन करून सोडवतो. नाहीतर पडून राहील इथंच."

दिवसाला अशा वीसेक ऑर्डरी. कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही, कुणी मीटिंगमध्ये सांगितलं नाही. कागदोपत्री त्यांचं काम आहे ‘फाइलिंग’. आणि माझ्या प्रेझेंटेशनच्या सातव्या स्लाइडवर ‘फाइलिंग: 3 माणसं कमी’ असं मीच टाइप केलंय.

सीअर्सच्या वेळापत्रकालाही दुसरी बाजू होती. त्या पाव तासांच्या मागे धावणाऱ्यांत हजारो मुली होत्या. 1913 मध्ये इलिनॉयच्या सिनेट समितीने रोझनवाल्डला बोलावून मुलींना पगार किती देता, असं जाहीरपणे विचारलं. सुरुवातीला आठवड्याला 5 डॉलर, असं उत्तर आलं. त्या पैशात शिकागोत मुलीचं भागतं का, यावर तेव्हा वर्तमानपत्रं भरून गेली होती. डोअरिंगच्या चिठ्ठीवर वेळ लिहायला जागा होती, या प्रश्नाला नव्हती.

सोमवारी अकरा वाजता प्रेझेंटेशन आहे. आमच्या मॅनेजरला काल फोन करून म्हटलं, सातवी स्लाइड बदलायचीय. तो म्हणाला, आकडा क्लायंटला आधीच तोंडी सांगून झालाय. मी काकांसाठी एक चौकोन काढलाय, वेगळ्या रंगाचा. त्यांना सोमवारी रजिस्टर घेऊन मीटिंगला या असंही सांगितलंय. "मी? मीटिंगला?" असं तीनदा विचारलं त्यांनी.