यादी, तालिका आणि संगणक: ठाणे परिसरातील ग्रंथशोध

ठाणे परिसरातील वाचनालयांची परंपरा पुष्कळ जुनी आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये सुरू झाले, तर १८९३ मध्ये विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले.

त्या काळच्या वाचनालयांत पुस्तके सामान्यतः बंद कपाटांत असत आणि वाचक छापील यादी चाळून हवे ते पुस्तक देवघेवीच्या टेबलावर मागत असे. छापील यादीत नवी पुस्तके मधे घालता येत नसल्यामुळे पुढे तालिका, म्हणजे सुमारे पाच इंच लांब व तीन इंच रुंद कार्डांचे खण, रूढ झाली. एकाच पुस्तकाचे कार्ड लेखक, शीर्षक आणि विषय अशा तिन्ही ठिकाणी लावले जाई, आणि ती कार्डे निसटू नयेत म्हणून त्यांच्या खालच्या छिद्रांतून सळई ओवलेली असे. मराठीत टोपणनावांची रेलचेल असल्याने त्यांत ‘पाहा’ कार्डाचे मोल फार मोठे होते, कारण ‘दामले, कृष्णाजी केशव’ शोधणाऱ्याला ‘केशवसुत’कडे नेणारी तीच एक वाट होती. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ सिद्ध केली, तेव्हा एका वाचनालयाच्या भिंतींपलीकडे शोध घेणे अभ्यासकाला प्रथमच इतके सुकर झाले. एकट्या माणसाच्या चिकाटीचे हे काम आजही थक्क करते.

संगणकीय तालिकेने शोध घरबसल्या शक्य केला. डोंबिवलीच्या फ्रेंड्स लायब्ररीसारख्या संस्थांमुळे वाचकांना तो परिचयाचा झाला. परंतु यंत्र अक्षरे जशीच्या तशी जुळवते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या शीर्षकांत ‘कांहीं’, ‘नांव’ अशी रूपे असत. आजचा वाचक ‘काही’, ‘नाव’ असे टंकित करतो आणि पडद्यावर शून्य नोंदी येतात. ‘तऱ्हा’ या शब्दातील अर्धा र तर युनिकोडमध्ये दोन निरनिराळ्या प्रकारे साठवला जातो, आणि डोळ्यांना तो फरक दिसतही नाही. अशा वेळी पुस्तक संग्रहात असूनही ते नाही असे वाचक धरून चालतो, हा या साधनाचा सर्वांत गंभीर दोष होय, कारण टेबलापलीकडचा माणूस उलट प्रश्न विचारी आणि यंत्र तसा प्रश्न विचारत नाही.

टेबलापलीकडच्या माणसाला विचारण्याची सोय इतरत्र संगणकावरूनही झाली होती. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान ग्रंथालयाने १९८४ मध्येच वाचकांचे प्रश्न संगणकीय संदेशाने स्वीकारण्यास आरंभ केला. मराठी संग्रहांपुढचे काम याहून वेगळे आहे: प्रत्येक जुन्या नोंदीला शीर्षकाचे प्रचलित रूप आणि लेखकाची सर्व नावे जोडणे. हे काम जुने ग्रंथ हाताळलेल्या ग्रंथपालालाच नीट करता येते, आणि ते नोंदीगणिक करावे लागते.