दहा किलो कांदे आणि एक टॉर्क रेंच

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मोटारसायकलचं ऑइल बदलायला बसलो होतो. जुनं ऑइल काढून झालं, ड्रेन बोल्टला नवा वॉशर घातला आणि मोठ्या ऐटीत नवा कोरा टॉर्क रेंच बाहेर काढला. बाहेरदेशी बनावटीचा, घरपोच आलेला, अकराशे रुपयांचा. सोबत हिरव्या प्लॅस्टिकची पेटी आणि "अचूकता अधिक-उणे ४ टक्के" असं छापलेला एक कागद. गाडीच्या पुस्तकात या बोल्टला २५ न्यूटन-मीटर सांगितलेत. रेंचवर २५ चा आकडा लावला आणि फिरवायला लागलो. खट्ट असा आवाज येण्याची वाट बघत होतो. आवाज काही आला नाही. आणि मग हाताला ती ओळखीची, पोटात गोळा आणणारी मऊ जाणीव झाली... आटे गेले!

अॅल्युमिनियमच्या क्रँककेसमधले आटे जाणं म्हणजे काय, हे ज्यांनी घरी गाडी खोलली आहे त्यांना सांगायला नको. शेवटी मिस्त्रींकडे नेऊन जागा मोठी करून, नवे आटे पाडून, तारेच्या स्प्रिंगसारखं इन्सर्ट बसवून घेतलं. मिस्त्री काही बोलले नाहीत. फक्त रेंचकडे बघून म्हणाले, "चायना?" मी मान डोलावली. विषय संपला.

त्यांच्यापुरता संपला. माझ्या डोक्यात मात्र सुरू झाला. कारण त्याच दुपारी त्याच रेंचने मी पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरचे बोल्ट आवळणार होतो. ती गाडी आता मुलगी कॉलेजला नेते.

आमच्या घरात हत्यारांबद्दल एक सरळ नियम होता. इंग्लिश किंवा जर्मन म्हणजे उत्तम, देशी म्हणजे चालेल, आणि बाकी सगळं "बाजारू". बाबांच्या कॅनव्हासच्या पिशवीत त्यांच्या बुलेटचे काही जुने पाने होते. लहानपणी मला त्यांच्यावरचे आकडे कळायचे नाहीत. पाव इंच लिहिलेल्या पान्याचं तोंड पाव इंचापेक्षा कितीतरी मोठं कसं? फार नंतर उलगडा झाला. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनियरने १८४१ साली आट्यांची प्रमाणित मापं मांडली. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा बोल्ट वेगळा असे. त्या पद्धतीत पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, पान्याच्या तोंडाचा नव्हे. आपल्या हल्लीच्या मेट्रिक पान्यावर लिहिलेला १० किंवा १२ हा मात्र तोंडाचाच. म्हणजे पिशवीत दोन वेगवेगळ्या भाषा बोलणारे पाने एकत्र नांदत होते.

इंग्लिश हत्याराबद्दलचा तो आदर उगाच नव्हता. पण आदराचा इतिहास शोधायला गेलो आणि वेगळीच गंमत सापडली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त आणि नकली मालासाठी बदनाम देश होता जर्मनी! हो, जर्मनीच. १८७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे परीक्षक म्हणून गेलेले फ्रान्झ रूलो हे स्वतः जर्मन, यंत्रशास्त्राचे नावाजलेले प्राध्यापक. त्यांनी मायदेशी पाठवलेल्या पत्रांत आपल्याच देशाच्या मालाचं वर्णन "स्वस्त आणि वाईट" असं केलं. जर्मनीत केवढा गदारोळ झाला! तिकडे इंग्लंडमध्ये शेफील्डच्या चाकू-कात्री बनवणाऱ्यांची तक्रार होती की झोलिंगेनहून येणाऱ्या हलक्या मालावर खुशाल शेफील्डचं नाव ठोकलेलं असतं. १८८७ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून परदेशी मालावर उगमदेश सांगायला लावला. "मेड इन जर्मनी" हा शिक्का असा जन्माला आला. गिऱ्हाइकाला सावध करण्यासाठी! पुढच्या काही दशकांत जर्मनांनी त्याच शिक्क्याचा दागिना केला, आणि आमच्या घरात तर तो देवघरात ठेवण्याच्या लायकीचा झाला.

मग पाळी जपानची. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी माल म्हणजे पत्र्याची खेळणी आणि दोन दिवसांत मोडणाऱ्या वस्तू, असं पाश्चात्त्य देशांत सर्रास बोललं जाई. १९५० साली अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी जपानी इंजिनियरांना आणि कारखानदारांना गुणवत्तेवर व्याख्यानं दिली. लगेच पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने पारितोषिकही सुरू झालं. १९४८ साली स्थापन झालेली होंडा कंपनी १९५९ मध्ये आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत पहिल्यांदा उतरली आणि १९६१ मध्ये १२५ आणि २५० सीसी असे दोन्ही गट जिंकून मोकळी झाली. १९६९ साली तिची चार सिलिंडरची, पुढे डिस्क ब्रेकवाली सीबी ७५० आली. ज्या ब्रिटिश मोटारसायकल धंद्याला हे छोटे जपानी खेळणं वाटत होते, त्याची मातब्बर बीएसए १९७३ पर्यंत डबघाईला येऊन दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती.

या जपानी गाड्यांच्या बाबतीतला एक किस्सा तर आपल्याही गॅरेजांत घडतो. जपानी गाडीचे चौफुलीचे स्क्रू "मऊ" असतात, खोलायला गेलं की खाच खराब होते, अशी तक्रार तुम्हीही ऐकली असेल. मीही वर्षानुवर्षं करत होतो. खरं कारण वेगळं आहे. आपण वापरतो तो स्क्रू ड्रायव्हर असतो फिलिप्स पद्धतीचा. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्स यांनी १९३० च्या दशकात रूढ केलेला. जपानी स्क्रूची चौफुली तिच्यासारखी दिसते, पण जपानी मानकाप्रमाणे तिचा घाट थोडा निराळा असतो. फिलिप्सचं टोक त्या खाचेत पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर उचललं जातं आणि कडा खाऊन टाकतं. अशा बऱ्याच स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक टिंब असतं, तीच त्यांची ओळख. योग्य टोकाचा ड्रायव्हर आणला त्या दिवसापासून माझे "मऊ" स्क्रू एकदम कडक झाले. :-) इतकी वर्षं चूक माझ्या हातातल्या हत्याराची होती आणि बोल मात्र जपानला लावत होतो.

आपल्याकडे हे सगळं उशिरा पोचलं. स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं आयात म्हणजे परवाने आणि भरमसाठ शुल्क. जुलै १९९१ च्या त्या गाजलेल्या अर्थसंकल्पात सर्वोच्च आयात शुल्क १५० टक्क्यांवर "उतरवलं" गेलं, यावरून आधीची कल्पना करा. देशी हत्यारं बनत होतीच. जालंधर, लुधियाना, राजस्थानातलं नागौर ही त्यांची गावं. आपल्या नाशिकच्या सातपूरला तापडियांच्या कारखान्याने १९६९ साली स्वीडिश तंत्राच्या साहाय्याने पाने-पकडी बनवायला सुरुवात केली, आणि आज मराठी मुलखात क्वचितच एखादी पेटी असेल जिच्यात त्यांचं काहीतरी नाही. पण रोजच्या पाना-पकडीपलीकडचं काही हवं असेल, म्हणजे टॉर्क रेंच, कार्ब्युरेटर जुळवायचे व्हॅक्यूम गेज किंवा मॅग्नेट काढायचा पुलर, तर घरगुती हौशी माणसाला मुंबईची नागदेवी स्ट्रीट पालथी घालावी लागे, पुण्याच्या जुन्या बाजारात नशीब आजमावावं लागे, नाहीतर परदेशातून येणाऱ्या एखाद्या मामाला गळ घालावी लागे. बहुतेक जण अंदाजानेच आवळत. "हाताला कळतं" हे वाक्य त्यातूनच आलंय.

१ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरचे आयातीचे संख्यात्मक निर्बंध उठले. त्याच वर्षी डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला. पुढच्या काही वर्षांत पदपथावर चकचकीत गोटी-पान्यांचे सेट दिसायला लागले, तेही एका चांगल्या पान्याच्या किमतीत चाळीस नग! त्यांतल्या पहिल्या सेटची एक गोटी माझ्या डोळ्यांदेखत उभी तडकली होती, आणि दुसऱ्याचा दहा नंबरचा पाना बोल्टवर फाकला होता. दोन्हींवर "क्रोम व्हॅनेडियम" अशी अक्षरं होती. पण अक्षरं फार तर पोलाद कोणतं ते सांगणार. त्याला पाणी कसं दिलंय ते सांगत नाहीत. गावातला लोहार विळ्याला पाणी देतो तीच गोष्ट. जास्त कडक झालं तर तडकतं, नरम राहिलं तर फाकतं. किंमत कमी करायची झाली की पहिली काटछाट होते ती नेमकी या न दिसणाऱ्या कामात आणि नंतरच्या तपासणीत.

आता सर्वांत टोचणारी गोष्ट सांगतो. परदेशातल्या हौशी लोकांचं हत्यारांवरचं लिखाण मी अधूनमधून वाचतो. तिथेही स्वस्त आयात पान्यांची अशीच टिंगल चालते, आणि त्या टिंगलीत चीनच्या जोडीने आपलंही नाव असतं! आपल्याकडचे पाने परदेशी दुकानांतल्या स्वस्त खोक्यांत जाऊन पडतात. तिथल्या एखाद्या मिस्त्रीने पाना हातात घेऊन "इंडिया?" असं विचारलं असेल आणि गिऱ्हाइकाने माझ्यासारखीच मान डोलावली असेल. ज्या सुरात आपण "चायना" म्हणतो, त्याच सुरात.

तेव्हा देशाचं नाव वाचून निकाल लावायचा नाही, असं ठरवलं. मग कशावरून लावायचा? मोजून.

टॉर्क म्हणजे शेवटी जोर गुणिले अंतर. रेंचचं चौकोनी टोक व्हाइसमध्ये पक्कं धरलं, दांडा आडवा ठेवला, आणि चौकोनाच्या मध्यापासून २५.५ सेंटिमीटरवर मुठीला खूण केली. तिथे १० किलो वजन टांगलं की बरोबर २५ न्यूटन-मीटर होतात. (रेंचचं स्वतःचं वजन थोडी भर घालतं, पण ती किरकोळ.) दहा किलोचं वजन घरात नव्हतं. स्वयंपाकघरातून कांद्यांची पिशवी आणली, काट्यावर नेमकी दहा किलो केली आणि टांगली. रेंच गप्प. एकेक किलो बटाटे वाढवत गेलो. घरची मंडळी दारात उभी राहून बघत होती. सोळा किलोला एकदाचा खट्ट आवाज झाला. सोळा किलो म्हणजे ४० न्यूटन-मीटर! मी २५ लावले तेव्हा तो पठ्ठ्या ४० पर्यंत तोंड उघडणार नव्हता.

मग चेव आला आणि बाकी सगळ्या स्वस्त मालाचीही परीक्षा घेतली. निकाल अनपेक्षित होता. त्याच दुकानातून आलेले चार व्हॅक्यूम गेज आळीपाळीने एकाच कार्ब्युरेटरला लावून बघितले. चौघांनी जवळपास सारखाच आकडा दाखवला, आणि कार्ब्युरेटर जुळवायला एवढंच लागतं. तिथे खरा आकडा महत्त्वाचा नसतो, फरक महत्त्वाचा. फीलर गेजच्या पात्या मित्राच्या महागड्या जपानी मायक्रोमीटरने मोजल्या, ठीक निघाल्या. मॅग्नेटचा पुलर तर अप्रतिम निघाला. आणि बाबांच्या पिशवीतला तो पूज्य इंग्लिश पाना? त्याच्या तोंडात एका बाजूला फट पडली आहे. साठ वर्षांत झिजला बिचारा.

तेव्हा आता माझा नियम असा : ज्या हत्याराची चूक डोळ्याला दिसते, ते स्वस्तातलं खुशाल घ्यावं. पाना फाकला तर कळतं, पुलर वाकला तर कळतं. गोट्या सहा कोनांच्या घ्याव्यात, त्या नटाचे कोपरे कमी मारतात. जे हत्यार आपल्याशी खोटं बोलू शकतं, म्हणजे मोजणारं, ते एकतर खात्रीचं घ्यावं नाहीतर कांदे टांगून तपासावं. आणि तपासल्याशिवाय ब्रेकच्या जवळ नेऊ नये.

कॅलिपरचे बोल्ट शेवटी मित्राच्या रेंचने आवळले, तोही आधी टांगून बघितला. साडेदहा किलोला वाजला. मुलगी शेजारी बसून एकेक किलो मोजत होती. म्हणाली, "बाबा, हे मला पण शिकवा." बाजारात नवा रेंच बघतोय. या वेळी दुकानात वजनं घेऊन जायचा विचार आहे, हसतील तर हसोत.

अकराशेचा तो रेंच टाकलेला नाही. दांडा मजबूत आहे, मागच्या चाकाचा नट सोडवायला छान लांब पडतो. त्यावर आकड्यांच्या जागी पांढऱ्या रंगाने "फक्त सोडवण्यासाठी" असं लिहून ठेवलंय.