साक्ष आणि रचना : वेरेश्चागिन यांची युद्धचित्रे व १८५७

रशियन चित्रकार वसिली वेरेश्चागिन (१८४२–१९०४) यांनी १८७४ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे मांडलेल्या प्रदर्शनातील आपली तीन चित्रे स्वतः जाळून टाकली. त्यांपैकी ‘विस्मृत’ या चित्रात मध्य आशियातील रणभूमीवर मागे राहून गेलेला एका रशियन सैनिकाचा मृतदेह होता आणि त्यावर पक्षी उतरत होते. तुर्किस्तान मोहिमेचे सेनापती जनरल कौफमान यांनी घेतलेला आक्षेप चित्रकलेविषयीचा नव्हता. आपल्या सैन्याने मृतांना असे बेवारस टाकलेले नाही, सबब हे चित्र सेनेची बदनामी करणारे आहे, असा त्यांचा दावा होता. चित्र नष्ट झाले. परंतु त्याच वर्षी गोलेनिश्चेव-कुतूझोव यांच्या कवितेला मुसोर्गस्की यांनी संगीत दिले आणि जळालेले चित्र गीताच्या रूपाने उरले. चित्राकडून शब्दाकडे व शब्दाकडून स्वराकडे झालेले हे संक्रमण तौलनिक साहित्याच्या अभ्यासकास मोलाचे वाटेल. तथापि त्याहून मूलगामी प्रश्न कौफमान यांच्या आक्षेपात दडलेला आहे. युद्धचित्राची सत्यता घटनेच्या नोंदीवर तपासायची की अन्य कशावर?

वेरेश्चागिन यांना हा प्रश्न विचारणे सोपे नव्हते, कारण त्यांच्याइतका युद्धाच्या निकट गेलेला चित्रकार त्या शतकात क्वचितच आढळेल. नौदलाच्या विद्यालयातून उत्तीर्ण झाल्यावर त्यांनी लष्करी पेशा सोडून कला अकादमीत प्रवेश घेतला. पुढे पॅरिस येथे जेरोम यांच्याकडे शिक्षण झाले. १८६७ मध्ये ते कौफमान यांच्यासमवेत मध्य आशियात गेले. १८६८ मध्ये समरकंदच्या किल्ल्यातील तुटपुंजी शिबंदी वेढ्यात सापडली, तेव्हा हाती कुंचला न घेता बंदूक घेऊन ते लढले आणि सेंट जॉर्ज पदकाचे मानकरी ठरले. रशिया-तुर्कस्तान युद्धात १८७७ साली डॅन्यूब नदीवर ते जखमी झाले. त्याच वर्षी प्लेव्हना येथे त्यांचा भाऊ मारला गेला. १९०४ मध्ये पोर्ट आर्थरनजीक ‘पेत्रोपावलोव्स्क’ ही युद्धनौका सुरुंगाने उडाली, त्या वेळी ॲडमिरल मकारोव यांच्यासह तेही बुडाले. ‘शिप्का-शेइनोवो’ या चित्रात विजयी सेनापती स्कोबेलेव दूर पार्श्वभागी घोडा फेकत सैन्याला अभिवादन करताना दिसतो, आणि अग्रभागाचा मोठा विस्तार बर्फातील प्रेतांनी व्यापलेला असतो. विजयाला नाकारलेले नाही. त्याला केवळ मागे सरकवले आहे.

असे असूनही वेरेश्चागिन यांची सर्वाधिक ख्यात झालेली प्रतिमा प्रत्यक्षदर्शी नाही. ‘युद्धाची परिणती’ (१८७१) या चित्रात मोडकळीस आलेल्या नगरासमोर कवट्यांचा मनोरा रचलेला दिसतो. मूळ कल्पना तैमूरच्या विजयाची होती. पुढे चित्रकाराने चित्र भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतील महान विजेत्यांना उपरोधाने अर्पण केले. त्या राशीतील सैनिक कोणता आणि नगरवासी कोणता, हे ओळखता येत नाही. ज्याने लढाई पाहिली त्याने न पाहिलेले चितारण्याचा अधिकार कमावला होता, असे येथे म्हणावेसे वाटते. मात्र हा अधिकार कोठवर पोचतो, याची कसोटी भारतविषयक चित्रातच लागते.

वेरेश्चागिन १८७४–७६ व १८८२–८३ असे दोनदा भारतात आले. सुमारे १८८४ मध्ये त्यांनी १८५७ च्या उठावाच्या दमनाचे चित्र काढले : तोफांची सरळ रांग, तोफेच्या तोंडाशी बांधलेले बंदी, अग्रभागी पांढऱ्या दाढीचा वृद्ध आणि शेजारी शिस्तीत उभे गोरे सैनिक. रोमन क्रूसारोहण व रशियातील फाशी या विषयांवरील चित्रांच्या सोबतीचे हे चित्र होय. सैनिकांचे गणवेश १८५७ चे नसून चित्रकाराच्या समकालातील आहेत, हे टीकाकारांनी हेरले. परंतु जानेवारी १८७२ मध्ये मालेरकोटला येथे साठांहून अधिक कूका (नामधारी) शिखांना याच रीतीने तोफेच्या तोंडी दिले गेले होते. त्यामुळे गणवेशाची ‘चूक’ चित्राला अधिक सत्याकडे नेते. ही प्रथा बंडाच्या वर्षापुरती नव्हती. याउलट या शिक्षेची दहशत वेरेश्चागिन आपल्या लेखनात प्रामुख्याने जातिसंसर्गाच्या भयातून समजावतात, तेथे त्यांची दृष्टी साम्राज्याच्या ठरीव ज्ञानाहून वेगळी उरत नाही. चित्र टिपणापेक्षा शहाणे आहे.

याच सुमारास, १८८० च्या दशकाच्या आरंभी, कोकणातील वरसईचे विष्णुभट गोडसे ‘माझा प्रवास’ लिहीत होते. चिंतामणराव वैद्य यांनी ते १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेलेला हा भिक्षुक एप्रिल १८५८ मध्ये झाशीत अडकला होता. त्याच्या कथनात ना सरळ रांग आहे, ना पटांगण. घरात दडून बसणे, लुटारूंच्या एकामागून एक येणाऱ्या टोळ्या, आधी सोनेनाणे आणि मग भांडीकुंडी व धान्य, शेवटी रस्त्यांतील प्रेतांचे दहन, असा तो क्रम आहे. वेरेश्चागिन यांना हिंसा कवायतीसारखी दिसते. गोडसे यांना ती कोंडलेल्या घराच्या आतून दिसते. एकाकडे सैनिकाची नजर आहे, दुसऱ्याकडे जीव वाचवणाऱ्या प्रवाशाची. दोघेही पाव शतकानंतर रचना करीत होते, हे विसरून गोडसे यांना ‘साक्ष’ व वेरेश्चागिन यांना ‘कल्पना’ म्हणून मोकळे होणे सोयीचे असले, तरी पुरेसे नाही. साक्षही आठवणीतून रचली जाते, आणि या साक्षीवर तर संपादकाचा हातही फिरला आहे.

दमनाच्या मूळ चित्राचा ठावठिकाणा लागत नाही. ते प्रतिकृतींतूनच परिचित आहे. प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या १८७६ मधील जयपूर मिरवणुकीचे त्याच चित्रकाराचे प्रचंड तैलचित्र मात्र कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये आहे.