चिलटाच्या कोशाची नक्कल करणारा गळ

पुणतांबा : गोदाकाठच्या गावांत दिवेलागणीला दिव्यांभोवती चिलटांचे थवे जमतात, हे दृश्य नवे नाही. डास समजून त्यांच्यावर फवारणीही केली जाते. तथापि संथ पाण्यातून निघणाऱ्या या थव्यांत 'कायरोनोमिड' कुळातील कीटक पुष्कळदा असतात आणि ते चावत नाहीत. याच कीटकाच्या कोशाची दोरा व तार वापरून केलेली नक्कल थंड प्रदेशांतील तलावांवर ट्राउट मासा पकडण्यासाठी वापरली जाते.

ट्राउट हा मूळचा भारतीय मासा नव्हे. स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांपासून १९०० मध्ये तो काश्मीरमध्ये रुजला. पुढे हिमाचल प्रदेशातील नद्यांत आणि निलगिरीतील पाण्यातही तो सोडण्यात आला. पाण्याचे तापमान वीस अंशांच्या पुढे गेले की ते त्याला मानवत नाही. त्यामुळे गोदावरीच्या पात्रात तो जगणे शक्य नाही. त्याचे खाद्य असलेले कीटककुळ मात्र दोन्हीकडे आढळते.

कीटकाचे जीवन

अंड्यातून निघालेली अळी तळाच्या गाळात नळीसारखे घर करून राहते. अनेक जातींच्या अळ्या हिमोग्लोबिनमुळे लाल दिसतात. मत्स्यालयाच्या दुकानांत 'ब्लडवर्म' म्हणून मिळतात त्या याच. पुढे अळीचा कोश होतो. हा कोश हळूहळू वर येतो आणि पृष्ठभागाखाली काही काळ लटकून राहतो. मग पाठीवरची त्वचा उकलते व पंखधारी कीटक बाहेर पडतो. वर येण्याच्या या प्रवासात कोश असहाय असतो आणि ट्राउट नेमका तेव्हा त्याच्यावर ताव मारतो.

इंग्लंडमधील ब्लॅगडन जलाशय १९०४ मध्ये मासेमारीसाठी खुला झाला. दोन महायुद्धांच्या दरम्यान तेथे डॉ. हॉवर्ड बेल यांनी पकडलेल्या माशांच्या पोटातील खाद्य तपासून त्यानुसार गळ बांधले. या कीटकाच्या गुणगुणण्यावरून तिकडे अशा गळाला 'बझर' म्हणतात.

बांधणीची पद्धत

दहा ते सोळा क्रमांकाचा बाकदार गळ शिकंजात पक्का धरावा. नेढ्यामागून काळा रेशमी धागा गुंडाळत बाकापर्यंत न्यावा आणि तेथे पांढऱ्या तंतूंचा छोटा झुबका व बारीक चंदेरी तार बांधावी. जवळच्या येवल्याच्या पैठणीत जर असते, तशी नाजूक तार चालते. धाग्याने सडपातळ, पुढे किंचित जाड होत जाणारे शरीर तयार करावे. त्यावर तारेचे पाच-सहा विरळ वेढे दिले, की कोशाचे वलयांकित शरीर दिसू लागते.

छातीचा भाग काळ्या लोकरीने थोडा फुगीर करावा. दोन्ही बाजूंना नारिंगी धाग्याची पट्टी लावली, की पंखांचे कोंब सूचित होतात. डोक्याशी पांढऱ्या तंतूंचा आणखी एक आखूड झुबका बांधावा. ती श्वसनेंद्रियांची नक्कल होय. शेवटी गाठ मारून शरीरावर पारदर्शक वार्निशचा पातळ थर द्यावा. नवशिके धागा फार गुंडाळतात आणि कोश जाडजूड होतो. खरा कोश सडपातळ असतो, हे ध्यानात ठेवावे.

गळ टाकल्यावर तो बुडू द्यावा आणि दोरी अतिशय सावकाश ओढावी. कोश पोहत पळत नाही. त्यामुळे ओढण्याची घाई केली, की नक्कल उघडी पडते. गळाचा रंग व आकार त्या दिवशी पाण्यावर तरंगणाऱ्या रिकाम्या कातींवरून ठरवावा.

या काती नदीकाठच्या रहिवाशांनाही पाण्याविषयी काही सांगतात. कमी प्राणवायूतही लाल अळ्या तग धरतात. इतर जलकीटक नाहीसे होऊन केवळ याच अळ्या उदंड झाल्या, तर पाण्यात सेंद्रिय घाण साचल्याचे ते लक्षण मानले जाते. अशा वेळी दिव्याभोवतीच्या थव्यावर फवारणी करून मूळ दुखणे जात नाही. ते पात्रातील गाळात असते.