विषाणूंना वाढवायचे कशात?

विषाणूंचा धडा शिकवताना आपण एक वाक्य हमखास फळ्यावर लिहितो : 'विषाणू केवळ जिवंत पेशींतच वाढतात.' परीक्षेत एका गुणाला येणारे हे वाक्य प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना मात्र फार महागात पडले आहे. विषाणूंच्या संशोधनाचा बराचसा इतिहास म्हणजे या एका अडचणीवर काढलेल्या तोडग्यांचा इतिहास आहे. त्यांतला एक महत्त्वाचा तोडगा पुण्यात निघाला, हे मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

जीवाणूंच्या बाबतीत गोष्ट तुलनेने सोपी होती. रॉबर्ट कॉख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बटाट्याच्या कापांवर, मग जिलेटिनवर आणि पुढे आगरवर जीवाणूंच्या वसाहती वाढवल्या. १८८७ साली पेट्री यांची झाकणाची बशी आली. मात्र १८९८ मध्ये बायेरिंक यांनी तंबाखूच्या केवडा रोगाचा अभ्यास केला, तेव्हा रोगट पानांचा गाळलेला रस कोणत्याही बशीत 'उगवेना'. तो निरोगी रोपट्याला टोचला, की तेथे मात्र वाढे. म्हणजे त्या विषाणूची बशी म्हणजे तंबाखूचे जिवंत रोपटेच!

माणसांच्या रोगांसाठी असे 'रोपटे' कोठून आणायचे? पीतज्वराच्या विषाणूसाठी पश्चिम आफ्रिकेत अनेक प्राणी वापरून पाहिले गेले. आफ्रिकेतील माकडे दाद देईनात. अखेर १९२७ साली असिबी नावाच्या रुग्णाचे रक्त भारतीय जातीच्या ऱ्हीसस माकडाला टोचले आणि ते माकड आजारी पडले. विषाणू हाती आला. असिबी बरा झाला, पण या संशोधनातील एक प्रमुख शास्त्रज्ञ एड्रियन स्टोक्स त्याच वर्षी पीतज्वराने दगावले. पुढच्या वर्षी हिदेयो नोगुची आणि विल्यम यंग हेही याच रोगाला बळी पडले.

माकडे महाग, सांभाळायला अवघड आणि धोक्याचीही. १९३० साली मॅक्स थायलर यांनी हाच विषाणू पांढऱ्या उंदराच्या मेंदूत वाढतो हे दाखवले. शेकडो उंदीर एका खोलीत ठेवता येतात, त्यामुळे कामाला वेग आला. पुढे कोंबडीच्या भ्रूणाच्या ऊतींत विषाणू वाढवत थायलर यांच्या गटाने १९३७ मध्ये पीतज्वराची लस सिद्ध केली. १९५१ चे नोबेल पारितोषिक थायलर यांना मिळाले ते याच कामासाठी.

पुण्यात १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी विषाणू संशोधन केंद्र सुरू केले, तेव्हा तेथील मुख्य साधन होते उंदराचे दोन-तीन दिवसांचे पिल्लू. रुग्णाच्या रक्तातील द्रव पिल्लाच्या मेंदूत टोचायचा आणि रोज निरीक्षण करायचे. पिल्लू आजारी पडले, तर त्याचा मेंदू घोटून पुढच्या पिल्लांना टोचायचा. १९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासानूर जंगलाच्या परिसरात, माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत तापाची साथ आली. पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी शंका होती. पुण्यात उंदरांच्या साहाय्याने वेगळा केलेला विषाणू निराळाच निघाला. तो गोचिडांमार्फत पसरतो आणि रशियात आढळणाऱ्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा नातेवाईक आहे, असे दिसून आले. गोव्यात २०१५ मध्ये आणि सिंधुदुर्गात २०१६ मध्ये ज्या 'माकडतापा'ने माणसे दगावली, तो हाच. या विषाणूवर काम करताना प्रयोगशाळेतील काही जणांनाही लागण झाली होती.

डेंग्यूच्या बाबतीत मात्र उंदराची पिल्ले अपुरी पडत. रुग्णाच्या रक्तातील डेंग्यूचा विषाणू त्यांच्यात पुष्कळदा लक्षणेच दाखवत नसे. १९६३ साली कलकत्त्यात डेंग्यू आणि चिकुनगुन्या यांची साथ एकदमच आली, तेव्हा अशा रोगांसाठी चांगल्या साधनाची गरज स्पष्ट झाली. हे विषाणू निसर्गात डासांच्या शरीरात सुखाने वाढतात, मग डासाच्याच पेशी बाटलीत का वाढवू नयेत?

पुण्याच्या केंद्रातील के. आर. पी. सिंग यांनी हे करून दाखवले. एडिस अल्बोपिक्टस जातीच्या डासाच्या अंड्यांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्यांचे बारीक तुकडे त्यांनी पोषक द्रवात ठेवले. त्यांतून पेशी वाढल्या, विभागत राहिल्या आणि एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत नेल्या तरी टिकल्या. हे काम १९६७ साली प्रसिद्ध झाले. या पेशींना ३७ अंशांची ऊब लागत नाही, २८ अंश सेल्सिअसच्या आसपास त्या छान वाढतात. १९७८ मध्ये जपानी शास्त्रज्ञ अकिरा इगाराशी यांनी सिंग यांच्या पेशींतून डेंग्यू व चिकुनगुन्याचे विषाणू विशेष चांगले वाढवणारा एक वाण निवडला. त्याचे नाव 'सी सहा-छत्तीस'. तो जगभरच्या डेंग्यू-प्रयोगशाळांत पोचला. या पेशींत विषाणू इतके का फोफावतात, याचे उत्तर २०१० साली मिळाले : डासांच्या पेशींत विषाणूच्या आरएनएचे तुकडे करणारी जी संरक्षणव्यवस्था असते, ती या वाणात बिघडलेली आहे. पेशीचा दुबळेपणा संशोधकाच्या कामी आला.

आज पीसीआर तंत्राने विषाणूची जनुकीय खूण काही तासांत सापडते. पण एखादे औषध विषाणूला रोखते का हे पाहायचे किंवा निष्क्रिय विषाणूंची लस बनवायची, तर जिवंत विषाणू लागतोच. कोविडच्या साथीत, २०२० साली, पुण्याच्या याच संस्थेने (आता राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) नवा कोरोना विषाणू 'व्हेरो' पेशींत वाढवला आणि त्यातूनच कोव्हॅक्सिन लशीसाठीचा विषाणू मिळाला. व्हेरो पेशी १९६२ साली जपानमध्ये आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार झाल्या होत्या.

फळ्यावर ते वाक्य पुन्हा लिहाल, तेव्हा त्याखाली माकड, उंदीर, अंडे आणि बाटली अशी चार चित्रे काढावीत आणि प्रत्येक टप्प्यावर काय सोपे झाले व कोणाचा जीव वाचला, हे विद्यार्थ्यांना विचारावे, असे आम्हांला सुचवावेसे वाटते. उत्तरांत माणसांबरोबर उंदीर आणि माकडेही आली, तर धडा नीट पोचला असे समजावे.